गुडघ्याच्या अस्थिसंधिवातात स्त्रियांसाठी कोअर व्यायाम : प्रकल्प नोंदी

८ जानेवारी

व्यायामांची यादी हाती घेण्यापूर्वी प्रश्न लिहून ठेवणे आवश्यक वाटते, कारण यादी वाढू लागली की मूळ प्रश्न मागे पडतो. गुडघ्याच्या अस्थिसंधिवातात व्यायामाचा उपयोग होतो का, हा आमचा प्रश्न नाही. वैद्यकीय चाचण्यांचा पुरावा एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या समीक्षेत ५४ चाचण्यांचा आढावा घेतला होता, आणि व्यायामाचा कार्यक्रम संपल्यावर लगेच मोजलेल्या वेदनेत १०० गुणांच्या पट्टीवर सुमारे १२ गुणांची घट दिसली होती. ब्रिटनच्या ‘नाइस’ संस्थेने २०२२ मध्ये दिलेल्या मार्गदर्शनातही या आजाराच्या प्रत्येक रुग्णाला उपचार म्हणून व्यायाम द्यावा, असे स्पष्ट म्हटले आहे. यातील बहुतेक पुरावा मांडीच्या पुढच्या स्नायूंना, म्हणजे क्वाड्रिसेप्सना, बळकटी देणाऱ्या व्यायामांचा आणि चालण्यासारख्या व्यायामांचा आहे. आमचा प्रश्न त्यापुढचा आहे : या नेहमीच्या व्यायामांच्या जोडीला पोट, पाठ, कंबर आणि ओटीपोटाच्या तळाचे स्नायू बळकट करणारे, म्हणजे कोअरचे, व्यायाम दिले तर स्त्रियांच्या वेदनेत आणि रोजच्या हालचालीत अधिक फरक पडतो का?

‘जोडीला’ हा शब्द मुद्दाम वापरला आहे. कोअर व्यायाम हे क्वाड्रिसेप्सच्या व्यायामांची जागा घेतील असा दावा आम्ही करणार नाही आणि सहभागी स्त्रियांनाही तसे वाटू देणार नाही.

धडाचा गुडघ्याशी संबंध काय, हे सहकाऱ्यांनी बैठकीत विचारले, त्याचे उत्तर येथे नोंदवून ठेवतो. चालताना प्रत्येक पावलागणिक काही क्षण शरीराचा सगळा भार एका पायावर येतो. त्या क्षणी खुब्याच्या बाहेरच्या बाजूचे स्नायू, मुख्यतः ग्लुटिअस मीडियस, ओटीपोटाची कड समपातळीत धरून ठेवतात आणि त्यावर धड स्थिर राहते. ही पकड सैल पडली तर उचललेल्या पायाकडची कड खाली झुकते, शरीराचा भारमध्य टेकलेल्या गुडघ्यापासून आतल्या दिशेने दूर जातो, आणि गुडघ्याच्या आतल्या कप्प्यावरचा दाब वाढतो. निरोगी गुडघ्यातही चालताना साधारण ६० ते ७० टक्के भार याच कप्प्यातून जातो, आणि झीज बहुधा तेथेच आधी दिसते. काही स्त्रिया नकळत उलटा मार्ग काढतात; दुखऱ्या पायावर भार येताच त्या धड त्याच बाजूला झुकवतात. त्याने गुडघ्यावरचा ताण कमी होतो खरा, परंतु चालण्याचे श्रम वाढतात आणि कंबर दुखू लागते.

१६ जानेवारी

सहभागी कोण असतील हे आज निश्चित झाले. वय ५० पेक्षा जास्त असलेल्या स्त्रियाच घ्यायच्या, कारण पन्नाशीनंतर, म्हणजे रजोनिवृत्तीच्या सुमारास आणि नंतर, स्त्रियांमध्ये हा आजार पुरुषांपेक्षा स्पष्टपणे अधिक आढळतो. निदानासाठी अमेरिकन कॉलेज ऑफ ऱ्हुमॅटॉलॉजीचे १९८६ चे निकष वापरू : गुडघेदुखी असलीच पाहिजे, आणि तिच्या जोडीला सहापैकी किमान तीन गोष्टी दिसल्या पाहिजेत. त्या सहा अशा : ५० पेक्षा जास्त वय, सकाळी ३० मिनिटांपेक्षा कमी वेळ राहणारा ताठरपणा, हालचालीत गुडघ्यातून येणारा करकर आवाज, हाड दाबल्यावर दुखणे, हाडाची वाढ हाताला लागणे, आणि हाताला उष्णता न जाणवणे. एक्स-रेसाठी १९५७ पासून वापरात असलेली, झीज ० ते ४ अशा चढत्या प्रतींत मोजणारी केलग्रेन-लॉरेन्स प्रतवारी घेतली आहे. दुसरी आणि तिसरी प्रत असलेल्या स्त्रिया आम्ही घेऊ.

एक्स-रेतील झीज आणि प्रत्यक्ष वेदना यांचे प्रमाण नेहमी जुळत नाही, ही गोष्ट सहभागी स्त्रियांना पहिल्याच भेटीत सांगायची असे ठरले. ‘गुडघ्यातले अंतर संपले’ असे ऐकून आलेली स्त्री व्यायामाने गुडघा आणखी झिजेल या भीतीने प्रत्येक हालचाल अर्ध्यावर थांबवते. ती भीती बोलून दूर केल्याशिवाय पुढचे काम नीट होत नाही.

ज्यांच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली आहे, अलीकडच्या काळात गुडघ्यात इंजेक्शन घेतले आहे, रक्तदाब नियंत्रणात नाही, किंवा पायात मुंग्या अथवा अशक्तपणा आणणारे कंबरेचे दुखणे आहे, अशा स्त्रियांना या टप्प्यावर घेता येणार नाही.

२४ जानेवारी

मोजमापे ठरली. मुख्य मोजमाप वोमॅक प्रश्नावलीचे राहील. तीत २४ प्रश्न आहेत : ५ वेदनेचे, २ ताठरपणाचे आणि १७ दैनंदिन कामांचे. प्रत्येक प्रश्नाला ० ते ४ गुण, म्हणजे एकूण ९६, आणि गुण जितके जास्त तितका त्रास जास्त. प्रत्यक्ष हालचालीसाठी तीन चाचण्या : ३० सेकंदांत खुर्चीतून किती वेळा उठता येते, ४० मीटर अंतर झपाझप चालण्यास किती वेळ लागतो, आणि जिना चढउतार. अस्थिसंधिवातावर काम करणाऱ्या ओएआरएसआय या आंतरराष्ट्रीय संस्थेने २०१३ मध्ये याच तीन चाचण्या किमान संच म्हणून सुचवल्या आहेत.

प्लँकमध्ये, म्हणजे हात आणि पावले टेकून शरीर सरळ धरण्याच्या स्थितीत, किती सेकंद थांबता येते, हे मोजमाप ठेवावे अशी सूचना होती. ती मी स्वीकारली नाही. साठ वर्षांच्या स्त्रीला जमिनीला समांतर राहून दीड मिनिट तग धरता आला, म्हणून तिला जिना सोपा जातो असे होत नाही. शिवाय खांदे किंवा मनगट आधी थकले तर ती वेळ पोटाच्या स्नायूंबद्दल काहीच सांगत नाही. धडाच्या नियंत्रणासाठी दाब दाखवणारी हवेची पिशवी वापरू. उताणे झोपून गुडघे दुमडलेल्या स्थितीत ती कंबरेच्या पोकळीत ठेवून ४० मिलिमीटर पाऱ्यापर्यंत फुगवायची, आणि पाय हलवताना काटा किती ढळतो ते पाहायचे.

४ फेब्रुवारी

आज व्यायामांची यादी एकेक करून तपासली, आणि या प्रकल्पाचे खरे काम कोणते ते स्पष्ट झाले. कोअरसाठी जगभर शिकवले जाणारे बहुतेक व्यायाम हे गुडघे टेकता येतात, जमिनीवर सहज बसता-उठता येते आणि गुडघा पूर्ण दुमडतो, असे गृहीत धरून रचलेले आहेत. आमच्या सहभागी स्त्रियांना नेमके तेच जमत नाही. कंबरदुखीच्या रुग्णासाठी उत्तम असलेला व्यायाम येथे जसाच्या तसा दिला तर पोटाचे स्नायू जागे होण्याआधी गुडघा दुखेल, आणि दुखणारा व माफक सुजलेला गुडघा क्वाड्रिसेप्सला मिळणारी आज्ञाच दाबून टाकतो. ज्या स्नायूला बळकट करायचे तोच मंदावतो.

बर्ड डॉगचे उदाहरण घेतो. हात आणि गुडघे टेकून एक हात पुढे व विरुद्ध पाय मागे नेण्याचा हा व्यायाम पाठीच्या मल्टिफिडस स्नायूसाठी आणि धडाला पिळ न पडू देण्याच्या कौशल्यासाठी फार चांगला आहे. परंतु पाय उचलला की खाली टेकलेल्या एका गुडघ्यावर, वाटीच्या खालच्या भागावर, थेट भार येतो. जाड उशी ठेवून पाहिली तरी गुडघा काटकोनात दुमडलेलाच राहतो आणि त्यावर दाब येतच राहतो. पर्याय शोधताना एक गोष्ट उपयोगी पडली : डेड बग हा रचनेने उलटा केलेला बर्ड डॉगच आहे. उताणे झोपून विरुद्ध हात व पाय दूर न्यायचे, आणि कंबरेची कमान वाढू द्यायची नाही. धडाकडून मागणी जवळपास तीच, आणि गुडघ्यावर भार नाही. पाठीच्या स्नायूंचे काम मात्र त्यात कमी होते, म्हणून त्याच्या जोडीला उंच टेबलावर कोपरे टेकून उभ्यानेच एक पाय मागे उचलण्याचा प्रकार ठेवला. यात टेकलेला गुडघा किंचित सैल असतो आणि शरीराचा बराच भार हातांवर जातो.

साइड प्लँक, म्हणजे कुशीवर राहून एका कोपरावर शरीर उचलून धरण्याचा व्यायाम, अधिक अवघड ठरला. गुडघ्यांवरून केला तर खालच्या गुडघ्याची बाहेरची कड चेपते. पावलांवरून केला तर पायाची लांबी तरफेसारखी काम करते आणि गुडघ्याला आडवा वाक देते. आधीच आतल्या बाजूला झिजलेल्या सांध्याला असा आडवा ताण देण्याचे काहीच कारण नाही. त्याऐवजी दोन व्यायाम घेतले. पहिला, भिंतीजवळ कडेने उभे राहून कोपराने भिंतीवर टेकायचे आणि पाय भिंतीपासून थोडे दूर ठेवून शरीर सरळ रेषेत धरायचे. पाय जितके दूर तितका व्यायाम कठीण. दुसरा, रबरी पट्टा बाजूच्या खांबाला बांधून तो दोन्ही हातांनी छातीसमोर धरायचा आणि हात सावकाश पुढे नेताना धड खांबाकडे वळू द्यायचे नाही. हा दुसरा व्यायाम मला सर्वांत मोलाचा वाटतो. तो खुर्चीत बसून करता येतो, नंतर उभ्याने करता येतो, आणि गुडघा फार दुखत असेल त्या दिवशीही सोडावा लागत नाही.

ब्रिज, म्हणजे उताणे झोपून कंबर उचलण्याचा व्यायाम, कायम ठेवला. टाचा फार जवळ ओढल्या तर गुडघा जास्त दुमडतो आणि वाटीमागे दुखते; फार दूर नेल्या तर मांडीच्या मागच्या स्नायूंत गोळे येतात. टाचा गुडघ्यांच्या किंचित पुढे, म्हणजे गुडघा काटकोनापेक्षा थोडा मोकळा, ही जागा बहुतेकींना सोसते. एका पायाचा ब्रिज शेवटच्या टप्प्यापर्यंत द्यायचा नाही.

हातात वजन घेऊन चालण्याचा व्यायाम यादीतून काढला, कारण हातातला प्रत्येक किलो अखेर गुडघ्यावरच उतरतो.

७ फेब्रुवारी

जमिनीवर काहीच नाही, असा निर्णय झाला. झोपून करायचे सर्व व्यायाम गुडघ्यापेक्षा थोड्या उंच, टणक पलंगावर होतील. जमिनीवरून उठताना बसणारा झटका व्यायामाचा फायदा घालवतो, आणि उठता येणार नाही या भीतीने स्त्रिया घरी व्यायाम करतच नाहीत.

१९ फेब्रुवारी

श्वास आणि ओटीपोट यांवर आज बराच वेळ गेला, आणि तो देणे आवश्यक होते.

धड स्थिर ठेवण्याचे काम एकटे पोट करत नाही. वर श्वासपटल, खाली ओटीपोटाच्या तळाचे स्नायू, पुढे व कडेला पोटाचा सर्वांत आतला थर, म्हणजे ट्रान्सव्हर्सस ॲबडॉमिनिस, आणि मागे मल्टिफिडस, असे चारही बाजूंनी मिळून पोटातला दाब सांभाळला जातो. पाय हलवण्याच्या क्षणभर आधी ट्रान्सव्हर्सस आवळला जातो, हे हॉजेस आणि रिचर्डसन यांनी १९९७ मध्ये दाखवले. कंबरदुखी असलेल्यांमध्ये हे आवळणे उशिरा होते, असेही त्यांच्या कामात दिसले. या निष्कर्षांवरून नंतर पुष्कळ अतिशयोक्ती झाली आणि एकाच स्नायूला सगळे श्रेय मिळाले. आम्ही या स्नायूपासून सुरुवात करू, पण तेथे अडकून राहणार नाही.

श्वास रोखून जोर लावला की रक्तदाब एकदम चढतो. या वयोगटात अनेकींना रक्तदाबाची औषधे चालू असतात, म्हणून प्रत्येक व्यायामात मोठ्याने अंक मोजायचे, हा नियम केला. मोजणारी व्यक्ती श्वास रोखू शकत नाही, आणि शिकवणाऱ्यालाही दुरून ऐकू येते.

दुसरी गोष्ट अधिक नाजूक आहे. खोकताना, शिंकताना किंवा खुर्चीतून झटक्याने उठताना थोडी लघवी होणे ही तक्रार बाळंतपणे झालेल्या आणि रजोनिवृत्त स्त्रियांमध्ये फार सामान्य आहे, आणि ती त्या आपणहून सांगत नाहीत. अशा स्त्रीला पोटावर जोराने ताण देणारा व्यायाम दिला तर दाब खालच्या बाजूला जातो, गळती वाढते, आणि ती काही न बोलता यायचे बंद करते. आपल्या नोंदीत ती ‘अनियमित’ ठरते. म्हणून पहिल्या तपासणीत हा प्रश्न स्त्री फिजिओथेरपिस्टने, एकांतात, इतर प्रश्नांइतक्याच सहजपणे विचारायचा असे ठरले. ज्यांचे उत्तर होकारार्थी असेल त्यांचा पहिला व्यायाम ओटीपोटाच्या तळाचे स्नायू सावकाश वर ओढून सोडण्याचा असेल. पोटाचा भार नंतर वाढेल. लघवी करताना मध्येच धार थांबवून हा सराव करू नये, हेही सांगायचे आहे. सिझेरियनचा व्रण, हर्निया आणि पोटाच्या मधल्या रेषेत पडलेली फट यांचीही नोंद त्याच वेळी घ्यायची.

२८ फेब्रुवारी

सिट-अपसारखे, म्हणजे उताणे झोपून धड पुढे वाकवत उठण्याचे, व्यायाम यादीत नसतील. रजोनिवृत्तीनंतर हाडे विरळ झालेल्या स्त्रियांमध्ये पुढे वाकण्याच्या व्यायामांनी मणक्याचे नवे अस्थिभंग वाढल्याचे १९८४ मधील सिनाकी आणि मिकेल्सन यांच्या अभ्यासात दिसले होते : पुढे वाकण्याचे व्यायाम केलेल्यांत ८९ टक्के आणि मागे ताणण्याचे व्यायाम केलेल्यांत १६ टक्के. अभ्यास ५९ स्त्रियांचाच होता, परंतु धोक्याची दिशा इतकी स्पष्ट असताना आणि पर्याय उपलब्ध असताना हा व्यायाम देण्याचे समर्थन करता येत नाही. शिवाय अशा व्यायामांनी मिळणारी ताकद आमच्या प्रश्नाला उपयोगाची नाही. पाय हलत असताना धड स्थिर राहावे हे आम्हाला हवे आहे; धड दुमडण्याचे बळ नव्हे.

१२ मार्च

प्राथमिक चाचणीच्या लहान गटाला आजपासून शिकवणे सुरू केले.

पहिली पायरी : उताणे झोपणे, गुडघे दुमडलेले, कंबरेच्या पुढच्या हाडाच्या टोकापासून दोन बोटे आत व थोडे खाली स्वतःची बोटे ठेवणे, श्वास सोडणे, आणि सोडलेल्या श्वासाच्या शेवटी बेंबीखालचा भाग हलकेच आत नेणे. बोटांखाली ताणलेल्या कापडासारखा सपाट घट्टपणा जाणवला तर योग्य. बोटे वर ढकलली गेली तर पोट फुगवून जोर लावला जात आहे. बऱ्याच जणी सुरुवातीला छाती वर ओढतात आणि फासळ्या बाहेर काढतात. तेव्हा जोर कमी करायला सांगितल्याने काम होते. पूर्ण ताकदीच्या चौथ्या हिश्श्याइतकेच आवळणे पुरेसे असते. दहा सेकंद धरून दहा वेळा, मोठ्याने मोजत, हे साधले की पाय हलवायला सुरुवात.

पाय हलवण्याची पहिली पायरी म्हणजे टाच पलंगावरून सरकवत पाय सरळ करणे. येथे दाबाच्या पिशवीचा काटा फार उपयोगी पडतो, कारण कंबर उचलली गेल्याचे त्या स्त्रीला स्वतःला दिसते. दुसरी पायरी, एक गुडघा बाहेरच्या बाजूला सावकाश झुकवून परत आणणे. ही हालचाल गुडघ्याला काहीच मागत नाही, तरी ओटीपोटाची दोन्ही टोके समपातळीत ठेवणे तीत खरेच कठीण असते. तिसरी पायरी, एक पाय उचलणे. डेड बगपर्यंत यायला काहींना आठवडे लागतील, आणि त्याची घाई करायची नाही.

एक गैरसमज आजच दूर करावा लागला. पोटाचे व्यायाम केल्याने पोटावरची चरबी कमी होईल, अशी अपेक्षा अनेकींनी बोलून दाखवली. एखाद्या भागाचे स्नायू वापरल्याने त्याच भागाची चरबी वितळत नाही, हे स्पष्ट सांगितले. वजन कमी करण्याचे महत्त्व मात्र कमी लेखले नाही : शरीराचे एक किलो वजन उतरले की प्रत्येक पावलामागे गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी कमी होतो, असे मेसियर आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये मोजून दाखवले आहे. मुख्य चाचणीत कोअर व्यायाम मिळणाऱ्या आणि न मिळणाऱ्या अशा दोन्ही गटांना आहाराचा सल्ला सारखाच दिला जाईल, नाहीतर फरक कशामुळे पडला हे सांगता येणार नाही.

२० मार्च

वेदनेचे नियम एका कागदावर छापले. ० ते १० च्या पट्टीवर व्यायाम करताना २ पर्यंतची वेदना चालेल. ५ पर्यंतची सहन करायला हरकत नाही, पण ती दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत पूर्वीच्या पातळीवर आली पाहिजे. ५ च्या वर गेल्यास तो व्यायाम मागच्या पायरीवर आणायचा. सुरुवातीच्या आठवड्यांत दुखणे थोडे वाढू शकते, हेही त्याच कागदावर आहे. आधी सांगितलेली वेदना स्त्रिया समजून घेतात. न सांगता आलेली वेदना त्यांना इजा वाटते.

गुडघा सुजलेला असेल त्या दिवसासाठी वेगळा संच केला : श्वासाचा व ओटीपोटाचा सराव, टाच सरकवणे, आणि खुर्चीत बसून रबरी पट्टा. अशा दिवशी क्वाड्रिसेप्सचे जड व्यायाम देता येत नाहीत आणि बहुतेक कार्यक्रम तेथेच खंडित होतात. व्यायामाची सवय न तुटू देणे, हा कोअर व्यायामांचा कदाचित सर्वांत व्यवहार्य लाभ ठरेल, आणि तो कोणत्याही स्नायूच्या ताकदीत मोजला जाणार नाही. म्हणून उपस्थितीची आणि घरच्या सरावाची नोंद काटेकोर ठेवायची आहे.

५ एप्रिल

आज खुर्चीतून उठण्याचे सविस्तर निरीक्षण केले. एक सहभागी स्त्री उठण्याआधी दीर्घ श्वास घेऊन तो रोखते, उजवा तळहात उजव्या मांडीवर दाबते, धड एकदा मागे नेऊन पुढे झोकते, आणि बैठक सुटताच दोन्ही गुडघे आत वळतात. पूर्ण उभी राहिल्यावर ती श्वास सोडते. डावा, अधिक दुखरा पाय उजव्याच्या पुढे ठेवलेला असतो, त्यामुळे जवळपास सगळे काम उजवा पाय करतो. ३० सेकंदांच्या चाचणीत हात छातीवर घडी घालून ठेवायचे असतात, आणि तेथे ती अडते.

पलंगावर तिचे नियंत्रण उत्तम होते. डेड बगमध्ये काटा ढळत नव्हता. ते नियंत्रण खुर्चीपर्यंत पोहोचले नव्हते, आणि ते आपोआप पोहोचेल असे मानण्याला आधार नाही. झोपून शिकलेले आवळणे उठताना, वळताना आणि जिन्यावर वापरण्याचा सराव वेगळा द्यावा लागतो.

त्यासाठी उठण्याचे तुकडे केले. खुर्चीची बैठक घट्ट उशीने उंच केली. दोन्ही पावले सारखी, टाचा गुडघ्यांच्या किंचित मागे. धड खुब्यातून पुढे, पाठ न वाकवता. मग श्वास सोडत, ओटीपोट व पोट हलके आवळून, बैठक फक्त दोन बोटे उचलायची आणि तेथेच मोठ्याने तीनपर्यंत मोजून परत बसायचे. मांड्यांभोवती, गुडघ्यांच्या वर, सैल रबरी पट्टा बांधला की गुडघे आत वळत आहेत हे तिला स्वतःलाच जाणवते. काही वेळाने तिने हात मांडीवरून काढून छातीवर घेतले, आणि बैठक दोन बोटे उचलून धरताना श्वास रोखला नाही. वेदना ३ वरून वर गेली नाही. उशी काढून बैठक खाली आणण्याची पायरी पुढच्या टप्प्यात ठेवली आहे.

हा भाग आता कार्यक्रमाच्या मध्यावर, सहाव्या आठवड्यापासून सर्वांसाठी येईल. जिन्याचेही असेच तुकडे केले आहेत : आधी एका पायरीवर फक्त पाऊल ठेवून भार नेणे, मग कठड्याला हलका हात लावून चढणे, आणि चढताना धड बाजूला झुकते का हे आरशात पाहणे.

२२ एप्रिल

दाव्यांची भाषा तपासली. मसुद्यात ‘कोअर व्यायामांनी गुडघ्यावरील भार कमी होतो’ असे वाक्य होते, ते काढले. बेनेल आणि सहकाऱ्यांच्या २०१० मधील चाचणीत खुब्याचे स्नायू बळकट केल्याने वेदना कमी झाली आणि कामे सुधारली, परंतु चालताना गुडघ्याच्या आतल्या बाजूवर येणारे बल बदलले नाही. खुब्याबाबत जर असे दिसले, तर धडाबाबत आपण मोजल्याशिवाय भाराविषयी बोलू नये. वेदना कमी होण्याचे मार्ग अनेक असू शकतात : हालचालीवरचा विश्वास, कमी झालेली भीती, चांगली झोप, नियमितपणा. पहिल्या नोंदीत लिहिलेले यांत्रिक स्पष्टीकरण हे आमच्या कामामागचे गृहीतक आहे, आणि लेखात ते गृहीतक म्हणूनच येईल.

कूर्चा, म्हणजे सांध्यातील हाडांच्या टोकांवरचे गुळगुळीत आवरण, पुन्हा वाढते असा समज होईल असे एकही वाक्य माहितीपत्रकात राहणार नाही.

७ मे

तीव्रता कशी वाढवायची यावर मतभेद होते. वजने वाढवत नेण्याकडे काहींचा कल होता. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ३७७ जणांच्या ‘स्टार्ट’ चाचणीत जड वजनांच्या व्यायामाने १८ महिन्यांनंतर हलक्या व्यायामापेक्षा किंवा केवळ माहितीसत्रांपेक्षा वेदनेत अधिक फरक दिसला नाही, हे लक्षात घेऊन आम्ही वजनाऐवजी स्थिती बदलत जाण्याचा मार्ग घेतला : झोपून, बसून, उभ्याने दोन पायांवर, एक पाय पुढे, आणि शेवटी चालता-चालता. एका स्थितीत व्यायाम मोठ्याने मोजत, धड न ढळता आणि वेदना नियमात राहून दोन सत्रे लागोपाठ जमला, की पुढची स्थिती.

घरी करण्याच्या संचात चारच व्यायाम ठेवले आहेत. त्याहून लांब यादी दिली की ती पूर्ण होत नाही आणि स्त्रिया तोंडदेखले ‘केले’ असे लिहितात.

२६ मे

अंतिम कार्यक्रम निश्चित केला. दोन्ही गटांना १२ आठवडे, आठवड्यातून तीन सत्रे : क्वाड्रिसेप्स, खुब्याचे स्नायू आणि चालणे. एका गटाला त्यात कोअरचे व्यायाम. दुसऱ्या गटाला तितकाच वेळ हात-खांद्यांचे हलके व्यायाम आणि लवचिकतेच्या हालचाली, म्हणजे शिकवणाऱ्याचा सहवास आणि एकूण वेळ दोघांनाही सारखा मिळेल. हे केले नसते तर अधिक लक्ष मिळाल्याचा परिणाम कोअरच्या खात्यावर जमा झाला असता. विभागणी संगणकाने यादृच्छिक पद्धतीने, आणि गटाचे नाव अपारदर्शक बंद लिफाफ्यात.

प्रत्येक व्यायामाची स्थिती, पुनरावृत्ती, विश्रांती, पुढच्या पायरीचा निकष आणि मागे येण्याचा निकष लिहून झाला आहे. उपचारांचे वर्णन पूर्ण असावे यासाठी २०१४ मध्ये आलेल्या टायडिअर यादीतील बाराही मुद्दे भरले. ‘कोअर व्यायाम दिले’ एवढ्याच एका ओळीवर दुसऱ्या कोणालाही हा कार्यक्रम पुन्हा करून पाहता येणार नाही, आणि या विषयावरच्या लहान चाचण्या एकमेकींशी ताडून पाहताना नेमकी हीच अडचण येते.

९ जून

नैतिकता समितीने सुचवलेले दोन बदल संमतिपत्रात केले : लघवीच्या तक्रारीविषयीची माहिती गोपनीय राहील हे वेगळ्या वाक्यात लिहिले, आणि कोणत्याही टप्प्यावर बाहेर पडल्यास नेहमीच्या उपचारांवर परिणाम होणार नाही हे ठळक छापले. मोजमाप घेणाऱ्या व्यक्तीला सहभागी कोणत्या गटात आहे हे कळणार नाही. त्यासाठी मोजमापाची खोली व्यायामाच्या खोलीपासून वेगळी ठेवली आहे, आणि आपला गट सांगू नये अशी सूचना प्रत्येकीला दिली जाईल. मोजमापे सुरुवातीला, १२ आठवड्यांनी आणि त्यानंतर सहा महिन्यांनी. मध्येच सोडून गेलेल्या स्त्रियांचे आकडेही त्यांच्या मूळ गटातच धरले जातील, आणि सोडण्याचे कारण त्यांच्याच शब्दांत नोंदवले जाईल. प्राथमिक चाचणीतील स्त्रियांना मुख्य चाचणीत घ्यायचे नाही. त्यांचा सराव घरच्या चार व्यायामांवर चालू राहील, आणि महिन्यातून एकदा त्यांची खुर्चीची चाचणी होईल. पलंग, पिशव्या आणि पट्टे तपासून झाले आहेत. पहिल्या तुकडीची सुरुवातीची मोजमापे सोमवारी.